सर्व्हर कुठंय तुमचा?

'आम्ही वेबसाइट काढली' असं कुणी सांगितलं, तर आमचे भाऊजी अभिनंदन करत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "सर्व्हर कुठंय तुमचा?" लग्नाच्या पंगतीतसुद्धा. 'अमेरिकेत' असं उत्तर आलं, की त्यांच्या पानातली जिलबी तशीच राहते.

"व्हर्जिनिया ते मुंबई सुमारे 13 हजार किलोमीटर! काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला 2 लाख किलोमीटर धावतो. म्हणजे नुसतं जाऊन यायला 130 मिलिसेकंद! आणि एक पान उघडायला असे हेलपाटे किती!" मग बोट वर. "सीडीएन लावा!"

सीडीएन म्हणजे काय, असं विचारलंत की बाकरवडी आलीच. "बाकरवडी पुण्यात होते म्हणून दादरच्या माणसानं दर वेळी पुण्याला यायचं? दादरच्या दुकानात डबा भरून ठेवायचा! तसेच गावोगावी सर्व्हर. फोटो, फायली तिथं आधीच साठवलेल्या. 1998 साली एमआयटीतल्या मंडळींनी अकामाई काढली ती याचसाठी!" अकामाईचं नाव घेताना आवाज जरा खाली येतो.

मावशीच्या फराळाच्या साइटची गिऱ्हाइकं सगळी कोथरूडची, सर्व्हर मुंबईत. तरी भाऊजींनी सीडीएन लावलंच. वर अख्खी पानं दिवसभर साठवून ठेवायची सोय केली. मावशीनं सकाळी चकलीचा भाव वाढवला, गिऱ्हाइकांना दुपारपर्यंत जुनाच दिसत होता. मावशी म्हणाली, "जावईबापू, तुमच्या डब्यात भाव शिळा राहिलाय." भाऊजींनी मुकाट्यानं कॅशे, म्हणजे ती साठवलेली पानं, साफ केली. साइट रखडायचं खरं कारण भाचीनं शोधलं: चकलीचा फोटो थेट मोबाइलमधून चढवलेला, 6 एमबीचा. तिनं तो 200 केबीवर आणला आणि साइट पळायला लागली. "तेही करावं लागतंच," भाऊजी म्हणाले.

पण ओळखीतल्या एकांचा दिवाळी अंक ऑनलाइन निघाला, तेव्हा न्यू जर्सीपासून सिडनीपर्यंतचे वाचक एकदम तुटून पडले. अंक अडखळला नाही. भाऊजींनी आदल्या रात्री जागून सीडीएन बसवलं होतं, आणि मानधन म्हणून फक्त अंकाची छापील प्रत मागितली.

तेव्हा साइट काढलीत, तर आधी फोटो लहान करा, मग वाचक कुठले आहेत ते पाहा. एकाच शहरातले असतील आणि सर्व्हरही जवळच असेल, तर घाई नको. सातासमुद्रापार असतील, तर भाऊजींचं ऐका. फक्त भाव बदललात, की कॅशे साफ करायला त्यांना आठवणीनं फोन करा.