जडत्वसाहेबांस नाशिकच्या एका हुंडेकऱ्याचे अनावृत पत्र

मेहेरबान श्रीमान जडत्वसाहेब, मुक्काम सर्वत्र, यांचे हुजुरास, आडगाव नाक्यावरील एका हुंडेकऱ्याचा सविनय विनंती-अर्ज.

अर्जास कारण की, मालवाहतुकीच्या धंद्याचा ज्या ज्या खात्यांशी नित्य संबंध येतो त्या सर्वांची दारे, खिडक्या आणि प्रसंगी मागील बोळही आमच्या परिचयाचे आहेत. परंतु अंबडच्या कारखान्यातून ट्रेलर बाहेर पडल्यापासून तो न्हावाशेव्याच्या बंदरात रिता होईपर्यंत ज्यांचा अंमल क्षणभरही तहकूब होत नाही, त्या आपली कचेरी कोठे, तिचा शिरस्तेदार कोण आणि अर्ज कोणाच्या हाती द्यावा, हे आजवर कोणासही उमगलेले नसल्यामुळे हे पत्र उघडेच पाठवीत आहे. १६८७ साली न्यूटन नामक इंग्रज गृहस्थाने आपल्या सनदेची नक्कल लॅटिन भाषेत छापून प्रसिद्ध केली. तीत असे कलम आहे की, बाहेरून बल लागल्याखेरीज थांबलेली वस्तू थांबलेलीच राहील आणि चाललेली वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहील. या कलमाला पोटकलम नाही, परंतुक नाही, ‘स्थानिक परिस्थिती विचारात घेऊन’ ही आम्हांस परमप्रिय असलेली शब्दयोजना त्यात औषधालाही नाही. आणि कसारा घाटाला तर काडीचीही सवलत नाही. आमची तक्रार नेमकी येथूनच सुरू होते.

बांधणीची विद्या आम्हांस अवगत नाही असे मात्र आपण कृपा करून समजू नये. लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजारातून कांद्याचा मालट्रक भरून निघतो तो प्रसंग आपण अवश्य पाहावा: हमाल एका थरातील गोण्या उभ्या तर दुसऱ्यातील आडव्या टाकून सांधा सांध्यावर येऊ देत नाहीत, वरून ताडपत्री पडते, क्लीनर त्या डोंगराच्या माथ्यावर चढतो, आणि हौद्याखालच्या आकड्यांतून आलटून पालटून फिरवलेला दोर दोघे-तिघे अंगाचा भार टाकून असा ओढतात की गोण्यांच्या कडेला वळ उठावेत. कांद्याच्या बाबतीत ही पद्धत न्याय्य आहे, हे आपल्यासारख्या कठोर अधिकाऱ्यालाही मान्य करावे लागेल. कारण गोणी दबते, शेजारणीत रुतून बसते, आणि चारी बाजूंचे फाळके तिला अडवून धरतात, त्यामुळे दोराकडे फारसे काम उरतच नाही. दोराला हे श्रेय फुकटचे मिळाले आणि त्याची कीर्ती औद्योगिक वसाहतीपर्यंत पोहोचली, हाच काय तो घोटाळा झाला. जो दोर कांद्याला पुरतो तो ट्रान्सफॉर्मरला का पुरू नये, असा प्रश्न गादीवर बसून विचारणारे आमच्यात पुष्कळ आहेत. लोखंड दबत नाही, रुतत नाही, आणि त्याचा कोपरा दहा-वीस गचक्यांत दोरच कापून टाकतो, या तपशिलाकडे गादीवरून लक्ष जाणे कठीण असते.

अशा सुखाच्या काळात रॅचेट पट्टा आला. परदेशी माल पाठवणाऱ्या एका कारखानदाराने तो आमच्यावर लादला, आणि प्रथमदर्शनी त्यात भिण्यासारखे काही दिसलेही नाही: दोन इंच रुंदीची पॉलिएस्टरची विणलेली पट्टी, दोन टोकांना दोन आकडे, मध्ये एक लोखंडी दांडा. पट्टीचे टोक चिरलेल्या आसातून ओवून घ्यावे, हाताने ताणता येईल तेवढे ताणावे, मग दांडा पुढेमागे हलवावा. आसावर दोन-तीन वेढे बसेपर्यंत दातेरी चाक एकेक दात पुढे सरकते आणि खिटी त्याला मागे येऊ देत नाही. पुढे गेलेले मागे येत नाही अशी एखादी यंत्रणा सरकारी खात्यांतील फायलींसाठी निघाली असती तर देशाचे केवढे कल्याण झाले असते, असा विचार त्या वेळी माझ्या मनात येऊन गेला; परंतु तो विषय आपल्या अखत्यारीतील नाही.

या पट्ट्यावर एक निळी चिठ्ठी शिवलेली असते. निळा रंग पॉलिएस्टरची खूण आहे आणि चिठ्ठीवर अडीच टनांसारखा एखादा आकडा असतो. गादीवरचा हिशेब असा की, यंत्र पाच टनांचे, पट्टा अडीच टनांचा, म्हणजे दोन पट्टे टाकले की काम फत्ते. पण कारखान्यातून आलेल्या एका तरुण अभियंत्याने, कोणी विचारले नसताना, पेन्सिल काढून आपल्या बाजूचा हिशेब मांडला आणि आमची झोप उडवली. तो म्हणाला, तो अडीच टनांचा आकडा पट्टा सरळ ओढीत किती सोसू शकेल याचा आहे. मालावरून आडवा टाकून दांडा आवळलात तर माणसाच्या हाताने त्यात ताण येतो तो सुमारे तीनशे किलोंचा. युरोपात असा दंडक आहे की जोराचा ब्रेक लागला असता मालाच्या वजनाच्या आठ दशांश एवढा जोर पुढच्या दिशेने धरून ठेवता आला पाहिजे. पाच टनांच्या यंत्राला हा जोर होतो चार टन. लाकडी फळीवर लोखंड नुसते ठेवले तर घर्षण त्यातला दीड टन पेलते; उरलेले अडीच टन पट्ट्यांनी पेलायचे. पट्टा काही मालाला मागे ओढत नाही, तो फक्त खाली दाबतो. दोन्ही बाजू मिळून दाब सहाशे किलो, आणि त्या दाबातून मिळणारे जास्तीचे घर्षण अवघे एकशे ऐंशी. तेव्हा पट्टे लागतील १४. तेही पट्टा अगदी उभा खाली उतरत असेल तर. माल बुटका असल्यामुळे पट्टा हौद्याशी ३० अंशांचा कोन करून पसरला, तर दाब निम्मा होतो आणि पट्टे होतात २८. एवढे पट्टे टाकायचे तर यंत्र कोठे आहे हे शोधायला माणूस पाठवावा लागेल, असे मी म्हणालो, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, यंत्राखाली रबराच्या चटया घाला. फळीऐवजी रबर आले की घर्षण वजनाच्या तीन दशांशावरून सहा दशांशावर जाते आणि १४ पट्ट्यांचे काम ३ पट्टे करतात. नाहीतर यंत्र पुढच्या भिंतीला भिडवून ठोकळे ठोका, किंवा पट्टे यंत्राच्याच कड्यांना तिरपे अडकवून थेट बांधा, म्हणजे चिठ्ठीवरचा आकडा खऱ्या अर्थाने कामास येईल. साहेब, आपल्याशी फितूर झालेले असे लोक आता आमच्याच वसाहतीत निपजू लागले आहेत.

याच गृहस्थाने आणखीही उपद्रव मांडला. अणकुचीदार कोपऱ्यावर पट्ट्याखाली कोपरपट्टी घालावी. पट्टा आखूड पडला तर त्याला गाठ मारू नये, कारण गाठीत त्याचे बरेचसे बळ जाते. कडेला कापला गेलेला पट्टा टाकून द्यावा. आणि थोडे अंतर गेल्यावर थांबून ताण पुन्हा पाहावा. अमेरिकेत हे पाहणे पहिल्या ५० मैलांच्या आत बंधनकारक आहे म्हणे. नाशिकहून मुंबईकडे जाताना या अंतराच्या आतच इगतपुरी येते, तेथे आमचे सर्व चालक थांबतात, आणि त्यापुढे घाटाची उतरण सुरू होते. म्हणजे हात फिरवायला याहून सोयीची जागा परमेश्वरानेही नेमून दिली नसती. तरीही त्या थांब्यावर चहा घेतला जातो, चाकांवर लाथ मारून हवा पाहिली जाते, आरशाला लोंबणारे लिंबू-मिरची सरळ केले जाते, आणि पट्ट्याकडे कोणी पाहत नाही.

सरकारी कायद्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४ (१-अ) हे कलम आले, त्यानुसार माल हौद्याच्या बाजूंनी, पुढे वा मागे बाहेर आला किंवा उंचीची मर्यादा ओलांडून गेला तर २०,००० रुपये दंड आणि शिवाय तो उतरवण्याचा खर्च. मागे सळया बाहेर काढून नेण्याची जी जुनी मुभा होती तीही केंद्र सरकारने २०१४ सालीच नियमांतून काढून टाकली. एवढे होऊनही २०२५ च्या जानेवारीत, आमच्या नाशकातच, द्वारकेजवळच्या उड्डाणपुलावर लोखंडी सळया घेऊन जाणाऱ्या ट्रकवर मागून एक पिकअप आदळला आणि त्यात बसलेले कित्येक तरुण जिवास मुकले. कितीही आवळलेल्या पट्ट्याने सळई आखूड होत नाही, हे मला ठाऊक आहे. आणि या प्रकरणी आपल्याकडे सवलत मागण्याचे धैर्य मला नाही.

बाकी प्रकरणांत मात्र आमची बाजू ऐकून घ्यावी. पट्ट्याला काहीशे रुपये पडतात, आणि हे रुपये कोणी द्यावेत याचा निवाडा अद्याप झालेला नाही. माल धाडणारा म्हणतो, भाड्यात सर्व आले. मी म्हणतो, गाडीमालकाने आणावेत. गाडीमालक म्हणतो, चालकाने सांभाळावेत. आणि चालकाचा भत्ता एवढाच असतो की त्यात त्याने स्वतःस सांभाळले तरी पुष्कळ. बिल्टीवर आम्ही ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असे ठळक छापतो. १८६५ चा वाहकांचा कायदा रद्द करून २००७ साली नवा आला, त्याखालीही हुंडेकऱ्याच्या हयगयीची जबाबदारी अशा छापील ओळीने सुटत नाही, असे वकील सांगतात. पण ओळ छापली की मनाला बरे वाटते. या सगळ्या वादात आपण मात्र एक विचित्र पक्षपात करता. ब्रेक लागल्यावर सुटलेला माल पुढे जातो, आणि पुढे चालकाची केबिन असते. माल धाडणारा, गाडीमालक आणि मी, या तिघांपैकी एकही त्या केबिनमध्ये बसत नाही. निवाडा करायचाच तर तो ज्याने खर्च वाचवला त्याच्या गादीच्या दिशेने करण्याची तजवीज आपल्या कायद्यात का नाही, हे समजत नाही. ती असती तर उभ्या नाशिक जिल्ह्यात एकही गाडी पट्ट्यांवाचून निघाली नसती, हे मी हुंडेकरी म्हणून शपथेवर सांगू शकतो.

सबब विनंती की, घोटीचा टोलनाका ओलांडल्यापासून कसारा गावापर्यंत आपला अंमल तहकूब ठेवावा; ते शक्य नसल्यास घाटातील वळणांपुरता तरी ठेवावा; तेही शक्य नसल्यास ‘आपली गाडी हळूच चालते’ हे चालकाचे तोंडी आश्वासन दोन पट्ट्यांच्या बरोबरीचे धरावे. जबाब लेखी आणि घाटाच्या वरच मिळावा. खाली मिळालेला जबाब आम्हांस स्वीकारता येत नाही.

आपला आज्ञाधारक,
एक हुंडेकरी, आडगाव नाका, नाशिक.

ता. क. कारखानदाराने दिलेल्या पट्ट्यांपैकी एक अद्याप चांगल्या स्थितीत आहे. तो गोदामाच्या निखळलेल्या दाराला आवळून बांधला आहे, कारण रात्री माल तेथे उभा असतो आणि तो हलण्याची आम्हांस फार धास्ती वाटते.