आरोग्य-विशेषांक कसा काढावा

दिवाळीच्या सुमारास सांगली-साताऱ्याकडे जे आरोग्य-विशेषांक प्रसिद्ध होतात, ते काढू इच्छिणाऱ्या नवोदित संपादकांच्या सोयीसाठी पुढील सूचना संकलित केल्या आहेत. त्या संकलित करताना आमच्या नजरेसमोर सांगलीचे एक विशिष्ट गृहस्थ होते, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. कारण हा मजकूर दृष्टीस पडताच ते स्वतःच ती चारचौघांत जाहीर करतील. उभे आयुष्य हळदीच्या अडतीत घालवून, पेढी चिरंजीवांच्या स्वाधीन केल्यावर, त्यांनी उर्वरित काळ लोकांच्या प्रकृतीस वाहिला आहे. त्यांचे नाव येथे देत नाही. अंकावर ते तीन ठिकाणी असते.

प्रथम मथळा. त्यात एक दुर्धर रोग, स्वयंपाकघरातील एक जिन्नस आणि ‘रामबाण’ हे विशेषण असावे. खालचा मजकूर सवडीने मिळतो.

दुसरी सूचना प्रमाणांविषयी. प्रत्येक विधानापूर्वी ‘शास्त्रज्ञांच्या मते’ असे लिहावे. शास्त्रज्ञ कोण, कोठले, आणि त्यांचे हे मत कोणत्या साली कोठे प्रसिद्ध झाले, असली चौकशी करणारा वाचक वर्गणी भरीत नाही, असा अनुभव आहे. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, किती जणांवर झाला, ज्यांना औषध दिलेच नाही अशांचा दुसरा गट तुलनेस होता की नव्हता, आणि खर्च कोणी सोसला, हे चार प्रश्न विचारले की बहुतेक लेख जागच्या जागी खाली बसतात. सबब ते विचारू नयेत.

आकड्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये, आणि येथे हळदीचे उदाहरण घेणे भाग आहे, कारण आमच्या गृहस्थांचा एकही अंक तिच्याविना निघालेला नाही. ‘मिरीबरोबर घेतल्यास हळदीचा गुण दोन हजार टक्क्यांनी वाढतो’ हे वाक्य ते दरवर्षी चौकटीत छापतात. आकडा खोटा नाही. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. परंतु त्यांनी माणसांना दिली ती हळद नव्हे, तर हळदीस पिवळेपणा देणारे कर्क्युमिन, तेही एका वेळी दोन ग्रॅम, आणि त्यासोबत मिरीतील पायपरीन वीस मिलिग्रॅम. वाढले ते रक्तात उतरणारे प्रमाण, गुण नव्हे. आणि नुसत्या कर्क्युमिनाचे रक्तातील प्रमाण मुळातच इतके नगण्य होते की जवळजवळ शून्याचे वीसपट झाले, एवढाच त्याचा अर्थ. हळदीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण तीन टक्के धरले, तर ते दोन ग्रॅम मिळण्यास पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद लागेल. एवढी हळद एका बैठकीत नवरदेवाच्या अंगाला लागते, पोटात जात नाही. शिवाय तेच पायपरीन इतर काही औषधांचेही रक्तात उतरणे वाढवते. फेफऱ्यावर फेनिटॉइन घेणाऱ्या माणसाने चौकट वाचून मिरीच्या अर्काच्या गोळ्या सुरू केल्या, तर त्याची जबाबदारी कोणावर, याचा खुलासा चौकटीत नसतो.

आता, एवढे त्रैराशिक आमच्या गृहस्थांना येत नाही असे कोण म्हणेल? तूट, हमाली, तोलाई यांचा हिशेब ज्यांनी हयातभर तोंडी केला, ते हे गृहस्थ! सौद्यात शेतकऱ्याने कितीही शपथा घातल्या तरी हळकुंड स्वतः मोडून, आतला रंग उजेडात धरून, वास घेऊन पाहिल्याशिवाय त्यांनी कधी भाव बोलला नाही. हरिपूरच्या ज्या जमिनीखालच्या पेवांत सांगलीची हळद वर्षानुवर्षे टिकून राही, आणि ज्यांतील कितीतरी २००५ च्या महापुराने निकामी केली, त्यांविषयी ते बोलू लागले की ऐकत राहावे. पेव उघडल्यावर लगेच माणूस आत उतरवायचा नाही, आधी पेटता कंदील सोडायचा. तो विझला तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही, असे समजायचे. यातले एक अक्षर त्यांच्या अंकात नसते. त्यांच्या मते हे ज्ञान नव्हे, हा धंदा. ज्ञान अमेरिकेतून येते आणि ते मोडून पाहायचे नसते. याचा आम्हांस खरोखर राग येतो.

परंपरेचा हवाला द्यावा, परंतु ग्रंथ, अध्याय वा पृष्ठ सांगू नये. ‘आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होते’ एवढे पुरे. हे पुरत नाही, याचा दाखला दुर्दैवाने हळदीनेच दिला आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास अमेरिकेत मिळाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यावर रीतसर हरकत घेतली; आणि त्या हरकतीत आजीची साक्ष नव्हती, बत्तीस लिखित संदर्भ होते, ज्यांत जुन्या ग्रंथांबरोबरच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. १९९७ साली पेटंट रद्द झाले. आजी बरोबरच होती. पण तिचे म्हणणे कोणीतरी वेळेवर टिपून छापले होते, म्हणून ती जिंकली.

वाईला जाऊ नये. तेथे विश्वकोशाचे कार्यालय आहे, आणि त्याच्या इतिहासाचा होतकरू संपादकाच्या मनावर अनिष्ट परिणाम होण्याचा संभव असतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली हा कोश हाती घेणारे साहित्य संस्कृती मंडळ १९६० साली स्थापन झाले, आणि विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तोही ‘अंक’ ते ‘आतुरचिकित्सा’ एवढाच. नोंद एकाने लिहायची आणि जाणकार दुसऱ्याने पारखायची, या शिरस्त्याने चालले तर विशेषांक दिवाळीला निघायचा कसा?

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचाही कित्ता गिरवू नये. सूर्यनमस्कारांवर लिहिण्यापूर्वी ते स्वतः रोज नमस्कार घालीत आणि मग त्यांनी ते संस्थानातल्या शाळांत सुरू केले. त्यांचे दावे अंमळ ऐसपैस होते, आणि एका राजाची प्रकृती म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य. तथापि लेखक घाम गाळून लिहितो आहे एवढी तरी वाचकाची खातरजमा होती. आमचे गृहस्थ हळदीचे दूध पीत नाहीत. त्यांना ते आवडत नाही.

डाव्या पानावर लेख, उजव्या पानावर त्याच जिनसेच्या कॅप्सुलांची जाहिरात, ही मांडणी सर्वमान्य आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यान्वये मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, इतकेच काय पण माणसाची उंची यांवरही गुण येण्याची हमी देणारी औषधाची जाहिरात निषिद्ध आहे. म्हणून हमी डाव्या पानावर द्यावी.

शुद्धिपत्र छापू नये.

मुद्रिते तपासण्यासाठी मात्र फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहणारा स्नेही गाठावा. हे काम काही वर्षे आमच्याकडे आहे. समासात आम्ही ‘किती ग्रॅम?’, ‘कोणी म्हटले?’, ‘उंदीर?’ असे शेरे मारतो. त्यांवर ‘आपण वेलांट्या पाहाव्यात’ असे उत्तर आणि सोबत घरची दळलेली हळद येते. हळद उत्तम असते.

यंदाचा अंक त्यांनी बेदाण्यावर योजला आहे. बेदाणा तासगावचा, त्या व्यापारातले आपल्याला काही कळत नाही, असे त्यांचे स्वतःचेच म्हणणे पडल्यामुळे, प्रत्येक वाक्य कोणा ना कोणाला विचारल्याशिवाय ते पुढे सरकेनासे झाले आहेत. बागाईतदारांना विचारून झाले, शीतगृहवाल्यांना विचारून झाले, आणि बेदाण्याच्या लेखात मधुमेह्यांना काय सांगावे, हे विचारण्यासाठी गेल्या आठवड्यात ते चक्क डॉक्टरांकडे जाऊन आले. अंक दिवाळीला निघत नाही. वर्गणीदारांनी तक्रारी त्यांच्या पत्त्यावर पाठवाव्यात, आमच्या नव्हे.