शिळं पाणी

२०१६चा मे महिना. पुण्यात दिवसाआड पाणी सुरू होऊन आठ महिने होत आले होते. आमच्या सहकारनगरच्या गल्लीत सोमवार-मंगळवार कुणी म्हणेनासं झालं होतं. आज पाण्याचा, उद्या बिनपाण्याचा, एवढे दोनच वार. पाण्याच्या दिवशी पहाटे चावीवाला येऊन गेला, की घराघरांतून पिंपं सरकवल्याचे आवाज. मीही आमचं अर्धं उरलेलं पिंप अंगणात कलतं केलं होतं.

"काय गं ए, ओततेस काय?"

शेजारच्या काकूंना चष्म्याशिवाय फाटक दिसत नाही, पण पाणी पडल्याचा आवाज चार घरांपलीकडून ऐकू येतो.

"परवाचं आहे हो, काकू. शिळं झालं. नवीन भरायचंय."

"शिळं?" काकूंनी भिंतीवरची जास्वंद बाजूला सारली. "आणि नळाला आत्ता येतंय ते काय आज सकाळी पाडलं कुणी? गेल्या पावसाळ्यातलं आहे ते. आठ-दहा महिने धरणात पडून होतं तेव्हा ताजं, आणि तुझ्या पिंपात दोन दिवस राहिलं तर शिळं होय?"

"सासूबाईंना देवाला ताजंच लागतं."

"देवघरात गंगेचा गडू आहे ना तुमच्या? डाक दिलेला? विचार त्यांना, कितव्या वर्षातलं पाणी आहे त्यात."

मी पिंप सरळ केलं. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकूंना मात्र अजून बरंच बोलायचं होतं. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली, म्हणजे अर्धा तास नक्की.

"त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात माणसं किती? तीन. पिंपं किती? अकरा. मोजलीत मी. दिवसाआड पाणी केलं ते वाचावं म्हणून, आणि ही मंडळी दोन दिवसांचं भरतात, एक दिवसाचं वापरतात, उरलेलं गटाराला वाहतात. मग महापालिकेनं वाचवलं काय?" आवाज एकदम खाली आला. "आणि त्यांच्या शेजारचे… त्यांच्या टाकीतला बॉल गेलाय. पाण्याच्या दिवशी गच्चीवरून नुसता धबधबा. सांगितलं तर म्हणतात, प्लंबर मिळत नाही. अगं, आयपीएलची तिकिटं मिळाली होती ना?"

आयपीएलचा विषय तेव्हा ताजा होता. मैदानांवर पाणी मारण्यावरून मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले होते, आणि धोनीचा पुण्याचा संघ गहुंजे सोडून विशाखापट्टणमला घरचे सामने खेळायला निघाला होता. काकूंच्या नातवाला त्याचं फार दुःख.

"मी त्याला सांगितलं, मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी नेतायत बाबा. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आणि तू धोनीसाठी रडतोस."

"आपल्याकडचंही जातंय ना पण? दौंड-इंदापूरला कालव्यातून सोडणार म्हणून किती ओरडा चाललाय."

"ओरडणाऱ्यांत मी नाही हो. माझी धाकटी बहीण दौंडला दिलीये. तिला काय सांगू, आमच्याकडे पिंपं धुवायला लागतात म्हणून?"

काकूंचं माहेर सदाशिव पेठेतल्या वाड्यातलं. पाण्याचा विषय निघाला की त्या १९६१वर जाणार हे ठरलेलं. १२ जुलैला पानशेत फुटलं आणि त्याच्या लोंढ्यानं खडकवासल्याचं धरणही गेलं, तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. "आधी एवढं पाणी की माणसं वाहून गेली, आणि मग नळाला थेंब नाही. वाड्यातला हौद तेवढा कामाला आला. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेलं पाणी! दोनशे वर्षांपूर्वीची सोय. आई एकेक कळशी मोजून द्यायची. त्यात शिळं-ताजं करायला कुणाला सवड होती?"

आई तांदूळ धुतलेलं पाणी कढीलिंबाला घालायची, काकू अजून घालतात. त्यांच्या सुनेनं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं, तर त्याची फेकायच्या पाण्याची नळी यांनी बादलीत सोडली. फरशी त्यातच पुसली जाते. फ्लशच्या टाकीत वाळू भरलेली बाटली ठेवली आहे. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता म्हणे, पण ते मला सुनेकडून कळलं.

"पण काकू, साठवलेल्या पाण्यात डेंगीचे डास होतात म्हणतात."

"होतात ना. स्वच्छ पाण्यातच होतात मेले. म्हणून पिंपाला फडकं बांधायचं, आणि आठवड्यातून एकदा घासून, कोरडं करून उन्हात पालथं घालायचं. आठवड्यातून एकदा. रोज नव्हे! आणि त्याआधी त्यातलं पाणी धुण्याला घ्यायचं. गटाराला पाजायचं नाही."

मग गाडी गच्चीवर गेली. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर नव्वद लिटरच्या वर पाणी, हे काकूंना तोंडपाठ. "वळवाची एक सर चांगली पंचवीस मिलिमीटरची आली, की दोन हजार लिटरच्या वर! आणि आपण काय करतो? पन्हळ थेट रस्त्यावर. वर म्हणायचं, पुण्यात पाणी नाही." त्यांनी पन्हळीखाली आत्तापासूनच एक रिकामं पिंप लावून ठेवलं होतं. वर आकाश कोरडं ठणठणीत.

एवढ्यात त्यांच्या घरातून कुकरची तिसरी शिट्टी झाली. जाता जाता त्यांनी आपली बादली उचलून भिंतीवर ठेवली.

"एवढं ओतायचंच असेल ना, तर यात ओत. माझ्या मोगऱ्याला शिळं चालतं."

बादली भरून दिली आणि आत आले. सासूबाई पूजेला बसल्या होत्या. गडू देवाच्या मागे, काळवंडलेला.

"आई, हा गडू कधीचा हो?"

"तो? मामंजी काशीला गेले होते तेव्हाचा. तुझं लग्नही व्हायचं होतं. का गं?"

"काही नाही," म्हटलं, आणि उरलेल्या पिंपावर फडकं बांधायला बाहेर आले.