सी ड्राइव्हला हात लावू नये

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर चार ड्राइव्ह आहेत आणि चौघांवरही अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, देवनागरीत पाट्या लावल्या आहेत. सी म्हणजे 'हात लावू नये', डी 'कामाचे', ई 'देवाधर्माचे' आणि एफ 'इतर'. आत डोकावलं तर डी मध्येही एक 'इतर' आहे, ई मध्येही आहे (त्यात गॅसची बिलं), आणि एफच्या पोटात 'अत्यंत महत्त्वाचे'.

हे तत्त्वज्ञान एकट्या अण्णांचं नाही. असेंबल केलेला पीसी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेला असो की तालुक्याच्या स्टँडमागच्या दुकानातून, जोडून देणारा मुलगा शेवटचा स्क्रू आवळता आवळता हेच सांगून जायचा: "काका, सी वर काही ठेवू नका. उद्या फॉरमॅट मारायची वेळ आली तर सी जाणार, बाकीचे राहतील." झालं! मुंजीचे फोटो, सोसायटीचा हिशेब, रामरक्षा, सगळ्यांची रवानगी पलीकडे. कुठली फाइल कुठे ठेवायची हे तिचं कुणाशी काय नातं आहे यावरून ठरलंच नाही. ती गेली तर किती रडू येईल, यावरून ठरलं.

पण रोजच्या लागणाऱ्या फाइली अण्णा डेस्कटॉपवर ठेवतात, कारण तिथे त्या 'डोळ्यांसमोर' असतात. तो डेस्कटॉप राहतो सी मध्येच, हे त्यांना कळलं तेव्हा ते चहा अर्धा टाकून उठले.

ए आणि बी कुठे गेले, असा प्रश्न घरात फक्त धाकट्या चिरंजीवांना पडला. ते दोघे फ्लॉपीचे. 1981 साली आलेल्या आयबीएम पीसीत हार्डडिस्क नव्हतीच. 1983 च्या एक्सटी मॉडेलमध्ये 10 एमबीची डिस्क आली आणि रांगेतलं तिसरं अक्षर तिच्या वाट्याला आलं. आजच्या मोबाइलचे दोन-तीन फोटो टाकले की भरेल, एवढीच ती. फ्लॉपी गेल्या, तरी विंडोज आपणहून ती अक्षरं हार्डडिस्कला देत नाही. अण्णांना हे फार आवडलं. "गेलेल्यांचा मान राखायला हवा," म्हणाले.

आता खरी मेख अशी की ड्राइव्ह चार असले तरी डिस्क एकच आहे, एक टीबीची. (तीही विंडोजमध्ये 931 जीबी दिसते. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज 1024 ने. मधल्या मध्ये कुणी काही खाल्लेलं नाही. तरी अण्णा उरलेले 69 मागायला दुकानात जाऊन आले.) तिच्या वाटण्या झाल्या, आणि वाटण्या झाल्यावर शेतीचं जे होतं तेच झालं. सी च्या वाट्याला आला 100 जीबीचा तुकडा. तेव्हा तो पुष्कळ वाटला होता. आता तिथे विंडोजलाच पाय ठेवायला जागा नाही, रोज लाल पट्टी. इकडे एफमध्ये निम्मं रान पडीक. मग एफमधलं थोडं सी ला द्यावं, तर देता येत नाही. विंडोजच्या हिशेबात मोकळी जागा सी च्या बांधाला लागून, आणि तीही उजव्याच अंगाला हवी. मध्ये डी आणि ई ठाण मांडून बसलेले. बरं, डी ला थोडं आवरून घ्यायला सांगितलं, तर तो जागा सोडतो ती स्वतःच्या मागच्या टोकाची, ई कडची. 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' ही ओळ करडीच राहते.

अण्णांचा बॅकअपही याच शिवारातला. डी वरची फाइल ई वर कॉपी केली की ते निर्धास्त झोपतात. पण पूर आला की तो कुणाचा बांध बघतो? डिस्कची मोटर बसली तर चौघं एकदमच जाणार.

फाइली निदान सोशीक असतात, कुठेही नेऊन ठेवा. प्रोग्रॅमचं तसं नाही. आमच्या ह्यांनी फोटोंचं एक सॉफ्टवेअर सी वरून कट करून एफवर पेस्ट केलं आणि विजयी मुद्रेने डबल क्लिक केलं. ते उघडेना. उघडणार कसं? विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सातबाऱ्यावर, अजून जुनाच गट नंबर! आणि नीट इन्स्टॉल करताना एफ निवडला, तरी अशी मंडळी आपला अर्धा पसारा सी वरच्या ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात टाकतातच.

परवा अण्णांचा जुना हयातीचा दाखला हवा होता. मी शोधायला बसले. एफ, त्यात 'जुना पीसी', त्यात 'डेस्कटॉप', त्यात 'डी चा बॅकअप', त्यात 'न्यू फोल्डर (2)', त्यात 'इतर', त्यात 'ई चा बॅकअप', आणि त्यात पुन्हा 'जुना पीसी'. असा पत्ता वाढत वाढत 260 अक्षरांच्या पुढे गेला की विंडोजही हात टेकतं. फाइल दिसते, पण धड हलवता येत नाही. दाखला सापडला तो 'हयात फायनल', 'हयात फायनल नवीन' आणि 'हयात हाच खरा' अशा तीन अवतारांत. तिघांत फरक काय, हे हयात व्यक्तीलाही सांगता आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने 500 जीबीची एसएसडी बसवली आणि विंडोज तिच्यावर घेतलं. सी ला स्वतंत्र घर मिळालं, कॉम्प्युटर चहा ठेवायच्या आत सुरू व्हायला लागला.

"आजोबा, आता जुन्या डिस्कवरच्या वाटण्या मोडू. एकच डी ठेवू, आत काय ते फोल्डर करा."

"आणि फॉरमॅट मारायची वेळ आली तर?"

"आता रिसेट करतात. फाइली राहतात, प्रोग्रॅम तेवढे जातात."

"राहतात असं कोण म्हणतं?"

"तसं स्क्रीनवरच येतं."

ज्याचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून हा सगळा खटाटोप, त्याच्याच शब्दावर विसंबायचं, हे अण्णांना पटेना. मलाही, खरं सांगायचं तर, पटलं नाही. बराच काथ्याकूट होऊन शेवटी बॅकअपसाठी बाहेरून लावायची वेगळी डिस्क आणायची ठरली, आणि महत्त्वाच्या फाइली तिच्यावर ठेवून ती कपाटात ठेवायची. भाचा खूश, मी खूश. डिस्क आली. अण्णांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं, वॉरंटीचा कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि भाच्याला म्हणाले, "हिचे दोन भाग कर. एकाचा बॅकअप दुसऱ्यात घेऊ."