हवा किती भरू, भाऊ?

अमरावतीहून अकोल्याला बदली झाली. अंतर शंभराच्या आतबाहेर, त्यामुळे निरोप समारंभात कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. सौभाग्यवती बडनेऱ्याहून रेल्वेनं पुढे गेली. संसार मावसभावाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत चढला आणि ट्रॉलीत न मावलेला माल, म्हणजे मी, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर.

महिना मे. या दिवसांत अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून पहाटे निघायचं ठरलं होतं. गोदरेजचं कपाट दारातून बाहेर यायला तयार नव्हतं, म्हणून दहाला निघालो.

लोणीच्या अलीकडेच मागून भांड्यांचा आवाज सुरू झाला. पुलाच्या प्रत्येक जोडावर ट्रॉली हातभर उडायची आणि आतला मिक्सर, देव्हारा, शिलाई मशीन सगळे एकदम बोलायचे. मावसभाऊ शांत. "ऐंशी पाऊंड हवा हाये ना बाप्पा. हंगामात तुरीचे कट्टे नेले होते, तवाची." म्हणजे तुरीसाठी भरलेल्या हवेवर माझा सोफा चालला होता. टायर कडक, माल हलका. ट्रॉली उडणार नाही तर काय!

लोणी ते माना हा तोच रस्ता, जिथे जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज बुकात नाव गेलं. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, जेमतेम पंचवीस किलोमीटरचा. आमचा वेग पाहता अकोला आम्ही त्या १०५ तासांहून कमी वेळात गाठू की नाही, याची मला खात्री वाटेना.

कुरूमच्या टपरीवर चहाला थांबलो. वऱ्हाडात चहा मागवला की सल्ला सोबत येतो. खांद्यावर दुपट्टा टाकलेल्या एका गृहस्थानं टायरला लाथ मारली, कान लावला आणि निकाल दिला, "हवा लय जास्त हाये. सोडा." मला कोणी विचारलं नाही. त्यानं काडेपेटीतली काडी काढून वालमध्ये दाबली आणि फुस्स करून गरम हवा पायजम्यावर घेत आकाशाकडे पाहत उभा राहिला. मीटर नाही, काही नाही. "बस," म्हणाला. कशावरून बस, हे त्याचं त्याला माहीत.

ट्रॉली खरंच उडायची थांबली. मावसभाऊ माझ्याकडे पाहून हसला. मडगार्डही जरा मऊ वाटू लागलं.

मूर्तिजापूरला दुसरा तज्ज्ञ. "टायर बसलं हाये राजेहो. हवा कमी हाये, भरा." तिसरा म्हणाला, "टायरवर लिवली हाये तेवढी भरा ना, कायले डोकं लावता?" यावर तिघाचौघांत अशी जुंपली की आम्ही हवा न भरताच निघालो. याच गावातून अचलपूरला आणि यवतमाळला शकुंतला रेल्वे जायची. तिला लोखंडी चाकं, हवेची भानगडच नाही. तरी ती बंद पडली, हे मी मावसभावाला सांगून पाहिलं. त्याला इतिहासात रस नव्हता.

बोरगाव मंजूच्या पुढे डावं टायर फुटलं. आवाज असा की शेतातल्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ट्रॉली डाव्या अंगावर झुकली, कपाटाचं दार उघडलं आणि माझे सगळे लेंगे राष्ट्रीय महामार्गाला दिसले. मी ते गोळा करत असताना एक ट्रकवाला हॉर्न वाजवून, हात हलवून गेला. मला रडू आलं नाही, राग आला. सगळ्यात जास्त त्या काडीचा.

पंक्चरवाले काका सायकलवर आले. साठीच्या पुढचे, खिशात पेनाच्या जागी हवेचा गेज. त्यांनी आधी उजव्या टायरला उलटा हात लावला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. मग विचारलं, "गरम टायरची हवा कोनं सोडली?" आम्ही दोघं कुरूमच्या दिशेनं पाहू लागलो.

स्टेपनी चढवता चढवता त्यांनी समजावलं. टायर तापलं की हवा आपोआप चढते. ऐंशी पाऊंडाला दर दहा अंशांमागे तीनेक पाऊंड. ती चढलेली हवा जास्त समजून सोडली की टायरची बाजू जास्त वाकते, वाकली की आणखी तापते, आणि शेवटी आतले दोरे सुटतात. टायरवर लिहिलेला आकडा असतो तो पूर्ण वजनाचा आणि थंड टायरचा. वजन कमी तर हवा कमी, पण किती कमी हे कंपनीच्या तक्त्यात पाहायचं, लाथ मारून नाही.

"आन् तुमचं वजन किती?" त्यांनी विचारलं. मी माझं सांगितलं. "तुमचं नाई, ट्रॉलीचं."

बोलता बोलता त्यांची नजर मागच्या तुळशीवर गेली. आईच्या हातची, उन्हानं पार मान टाकलेली. काकांनी आपल्या बाटलीत उरलेलं पाणी, स्वतः न पिता, कुंडीत ओतलं. आम्हा दोघांपैकी कोणाला सकाळपासून ते सुचलं नव्हतं. मी काही बोललो नाही. बोलता आलंही नसतं.

पुढे एका जिनिंगजवळ धरमकाटा लागला. ट्रॉली वर चढवली. काट्यावरच्या पोरानं खिडकीतून विचारलं, "कापूस का तूर?"

"संसार," मी म्हणालो.

"ओलावा किती? कापा लागते."

माल अकरा क्विंटल निघाला. त्यात पुस्तकंच दीड-दोन क्विंटल असतील, आणि ती मी वाचलेली आहेत असं कोणी समजू नये. मावसभावानं कंपनीला फोन लावून ट्रॉली धरून त्या वजनाची हवा विचारली, ती ऐंशीच्या बरीच खाली निघाली. टायर निवेपर्यंत लिंबाखाली बसलो, मग गेज लावून दोन्ही चाकांत सारखी भरली. अकोल्यापर्यंत एक भांडं वाजलं नाही. राजराजेश्वराचं दर्शन मात्र राहिलं, कारण पोचलो तेव्हा रात्र झाली होती आणि सौभाग्यवतीला आधी मिक्सर कुठाय ते हवं होतं.

व्यवहारात रुळलेलं हवेचं टायर डनलॉप नावाच्या एका गुरांच्या डॉक्टरनं १८८७-८८ च्या सुमारास आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केलं. त्या पोराला सल्ला द्यायला वाटेत कुरूम नव्हतं.

तेव्हा ट्रॉली असो की गाडी, माल भरल्यावर आधी काट्यावर न्या, हवा सकाळी टायर थंड असताना गेज लावून बघा, स्टेपनीचीही बघा. आणि टपरीवर कोणी काडेपेटी काढली, तर त्याला विडी द्या. वालपाशी जाऊ देऊ नका.