'अगदी कादंबरीसारखं आहे हो!'

नाशकात रविवारी सकाळी मिसळीवर दुसऱ्यांदा तर्री पडली की टेबलावरचा एक गृहस्थ नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचा विषय काढणार, हा जवळजवळ निसर्गनियम आहे. नोकरी बँकेतली किंवा शाळेतली, आणि आता संपलेली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वाचनालयाची दोन पुस्तकं: एक कादंबरी आणि एक 'माहितीचं'. त्याची मतं ठाम असतात आणि मोजून दोन असतात. कादंबरी आवडली तर 'काय अभ्यास केलाय हो लेखकानं!' आणि माहितीचं पुस्तक आवडलं तर 'अगदी कादंबरीसारखं आहे हो, खाली ठेववत नाही!' नावडण्याची कारणंही याच दोन मतांना उलटं करून शिवलेली. कादंबरी 'सगळी मनानंच लिहिलीय', आणि माहितीच्या पुस्तकात 'नुसती माहितीच आहे'. थोडक्यात, कादंबरीनं कादंबरी असावं आणि माहितीनं माहिती असावं, एवढंच काय ते त्याला खपत नाही. जाणकार त्याला हसतात. माझं म्हणणं असं की हसण्याआधी पुरावा पाहावा, कारण तो बराचसा या गृहस्थाच्या बाजूचा आहे.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, १८४० सालचं. मराठीतली पहिली म्हणून ओळखली जाणारी कादंबरी, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ सालची. म्हणजे नाशकात वाचायची सोय आधी झाली आणि कादंबरी सतरा वर्षांनी आली. आली तीही नुसती गोष्ट म्हणून नव्हे, तर विधवांच्या हालांची हकिगत सांगत. पुढे 'स्वामी' (१९६२) आणि 'मृत्युंजय' (१९६७) घरोघर वाचल्या गेल्या आणि पेशवाई व महाभारत कित्येकांनी तिथूनच पक्कं केलं. उलट बाजूला नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. आत्मचरित्र खरं, पण त्यातली माणसं लोकांना कादंबरीतल्या पात्रांसारखी पाठ आहेत. अलीकडचं पाहिलं तर नेमाड्यांच्या 'हिंदू'चा (२०१०) नायक पुरातत्त्वज्ञ, आणि रंगनाथ पठाऱ्यांनी आपल्या कादंबरीचं नावच 'सातपाटील कुलवृत्तांत' ठेवलं. लेखकच कादंबरीला उत्खननाचं फावडं आणि वंशावळीची वही देत असतील, तर वाचकानं त्या वहीवर बोट ठेवून 'हे खरं का?' विचारलं, यात त्याचं काय चुकलं?

यावर पहिला आक्षेप असा की कादंबरीतलं सत्य असं तपासायचं नसतं. नायक नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून बसमध्ये बसला आणि वीस मिनिटांत त्र्यंबकला उतरला, एवढ्यावरून आमचा गृहस्थ तीनशे पानं निकालात काढतो, हे मान्य. पण चौकशी कुणाची करतात? ज्या घरी मुलगी द्यायची आहे त्याच घराची. गोष्टीवर जीव जडल्याशिवाय कुणी तिच्यातल्या बसचं वेळापत्रक तपासत बसत नाही. दुसरा आक्षेप असा की तो पुस्तक पुरतं वाचतच नाही; परतीची तारीख जवळ आली की शेवटची पानं चाळतो आणि सुटलेल्या मजकुराला 'पसरट' म्हणतो. हेही खरं. पण दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकानं १९९२ सालीच वाचकाच्या हक्कांची यादी केली आहे, आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क तिच्यात आहे. आमच्या गृहस्थानं ती यादी वाचलेली नाही, पण तो तिचं पालन मात्र निष्ठेनं करतो.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि तिथं मला या गृहस्थाची वकिली सोडावी लागते. जे माहितीचं पुस्तक कादंबरीसारखं सरसर वाचवतं, त्यातलं कच्चं विधानही तितक्याच सरसर घशाखाली उतरतं. 'सेपियन्स' माणसाची सुमारे ७०,००० वर्षांची वाटचाल एका बैठकीची गोष्ट करून सांगतं. ती गोष्ट रंगत असताना 'हे कशावरून?' असं विचारायला जिवावर येतं. कादंबरीतल्या बसची वेळ घड्याळ लावून मोजणारा माणूस इथं हजारो वर्षांच्या उड्या डोळे मिटून मान्य करतो. म्हणजे चौकशी करण्यात त्याची चूक नाही; चौकशी केली एका घरी आणि मुलगी दिली दुसऱ्याच, ही त्याची चूक.

तरीही नाशिकच्या वाचनाचा गाडा याच माणसाच्या जिवावर चालतो. 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाच्या पुस्तकांच्या पेट्या याच शहरातून निघाल्या आणि पार परदेशी पोचल्या. पण पेटी दारात आली तरी 'हे वाचाच' म्हणणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम समीक्षेपेक्षा मिसळीच्या टेबलावर जास्त होतं. त्याच्या पिशवीत दोन्ही पुस्तकं एकमेकांना खेटूनच असतात. बसची वेळ कादंबरीला विचारून झाली की तोच प्रश्न त्यानं शेजारच्या पुस्तकालाही विचारावा, एवढंच मागणं आहे.