सश्वान विलायतगमन

मनुष्यप्राण्यास विलायतेत जाऊन राहावयाचे असल्यास तेथील सरकार बँकेतील शिल्लक, नोकरीचा करार आणि क्षयरोग नसल्याचा दाखला अशा तीन कागदांवर समाधान मानते. परंतु त्याच मनुष्याने घरची कुत्री समागमे नेण्याचा मनोदय व्यक्त केला, की त्या चतुष्पादांचे एक स्वतंत्र दप्तरच उघडावे लागते आणि धनी हा त्या प्रकरणात निव्वळ वहिवाटदार उरतो. पुण्याहून लंडनास बिऱ्हाड हलविण्याचे ठरले, तेव्हा धर्मराजाचा दाखला देऊन आम्हांस धीर देणारे आप्तेष्ट पुष्कळ भेटले. इंद्राच्या दरबारी आवकजावक खाते नव्हते, एवढा बारीक भेद त्यांच्या ध्यानी येत नसे.

आमच्या पदरी कुत्री दोन. सुभेदार हा पग जातीचा, वंशावळीच्या छापील कागदासह विकत घेतलेला आणि त्या कागदाचा अभिमान मुद्रेवर वागविणारा. बंड्या गावठी, मंडईमागे हातगाडीखाली सापडलेला, ज्याच्या पितृकुलाविषयी खुद्द मंडईतही मतैक्य नाही.

प्रथम दोघांच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवून त्यांस पंधरा आकडी क्रमांक बहाल करण्यात आले. रेबीजची लस त्यानंतरच टोचावयाची. आधी टोचलेली कितीही खरी असली तरी दप्तरी नामंजूर. लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढावयाचे, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत धाडावयाचे, त्यातील प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरास 0.5 आंतरराष्ट्रीय एकक तरी भरावयास हवे, आणि ते भरल्यावरही रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने स्वस्थ बसावयाचे. अशा रीतीने बंड्याचे रक्त विमानाने युरोपास पोहोचले, तेव्हा माझे पारपत्र मुंबईतच कुठल्याशा टेबलावर पडून होते. कुरकुरीस मात्र जागा नव्हती. 2012 पूर्वी हिंदुस्थानातून गेलेल्या कुत्र्यास तेथे सहा महिने विलगवास भोगावा लागे. आणि इंग्रजांची धास्ती अगदीच अनाठायी म्हणावी, तर एकदा निपटून काढलेला हा रोग 1918 साली, युद्धावरून परतणाऱ्या शिपायांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांसमवेत, त्या बेटावर पुन्हा उतरला होता.

विमान कंपनीच्या कचेरीत कुळाची प्रतिष्ठा एकदम उफराटी झाली. सुभेदाराच्या वंशवृक्षाकडे कारकुनाने ढुंकूनही पाहिले नाही. त्याने पाहिले ते नाक. चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वासमार्ग अरुंद, धापा टाकून अंगची उष्णता बाहेर घालविणे त्यांस दुर्घट, सबब कित्येक कंपन्या त्यांस घेतच नाहीत, कित्येक उन्हाळा टळल्यावर घेतात, आणि घेतले तरी पिंजरा नेहमीपेक्षा दहा टक्के मोठा मागतात. पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडविलेले जे नाक खानदानाची निशाणी, तेच हरकतीचे कलम! बंड्याच्या लांबट, निरुपाधिक नाकावर त्रिभुवनात कोणाचा आक्षेप नव्हता. त्या संध्याकाळी सुभेदार जेवला नाही, असे सौभाग्यवती सांगते. मला तो नेहमीइतकाच जेवलेला दिसला.

पिंजऱ्याविषयीचा नियम मोठा दयार्द्र आहे: आतल्या जिवास ताठ उभे राहता यावे, सभोवार वळता यावे, स्वाभाविकपणे निजता यावे. ज्या आसनात गुडघे पोटाशी घेऊन मला रात्र काढावयाची होती, त्याविषयी असे उदार कलम कुठल्याही नियमावलीत नाही. ब्रिटनमध्ये विमानाने येणारा कुत्रा प्रवाशाच्या सामानात चालत नाही. तो मालपत्रावर रीतसर चढविलेला माल म्हणूनच उतरावा लागतो, आणि त्याचे भाडे पिंजऱ्याच्या घनफळावरही आकारले जात असल्याने बंड्याच्या भोवतालच्या हवेचेही पैसे आम्ही इमानेइतबारे मोजले. आगमनापूर्वी 24 ते 120 तासांच्या दरम्यान जंताची गोळी देऊन तिची वेळ मिनिटासह नोंदविण्याचा विधी डॉक्टरांनी उरकला. बंड्याने ती गोळी पेढ्यातून अलगद वेगळी करून जमिनीवर ठेवली; पेढा तेवढा खाल्ला. दुसरा पेढा आणावा लागला.

इतके सोपस्कार झाल्यावर जकातीचा कागद भरताना कळले, की बिऱ्हाड हलविणाऱ्यास जी करमाफी मिळते तिच्या अर्जात ही दोन्ही मंडळी गाद्या, पुस्तके आणि प्रेशर कुकर यांच्याच पंक्तीस बसतात. दलालाने मालपत्राबरोबरच्या यादीतील किमतीच्या रकान्यावर लेखणी टेकली.

"सुभेदाराची पावती आहे, तो आकडा घालतो. बंड्याचे शून्य लिहू ना, वहिनी?"

"सुभेदाराचे किती लिहिलेत?" सौभाग्यवतीने विचारले.

त्याने आकडा सांगितला.

"बंड्याचा एक रुपया जास्त लिहा."

"लिहितो हो, पण उद्या साहेबाने विचारले तर आधार काय दाखवू?"

"नाक," ती म्हणाली.